ज्या हंगामात यास्मिन कामाला लागली

ऊसतोड सुरू झाली की पहाटे आमच्या घरात मळीचा वास येतो. कारखाना तसा बराच लांब. मध्ये पंचगंगा, मध्ये अर्धं कोल्हापूर. पण थंडीतली हवा जड असते आणि तो वास तिच्याबरोबर खिडकीच्या फटीतून आत येऊन पांघरुणात शिरतो. आंबट, गोड, काहीतरी सडत ठेवल्यासारखा. शेजारच्या माई दारात सडा टाकताना खूश होऊन म्हणतात, "लागला की हंगाम!" त्यांचा ऊस आहे, त्यांना तो वास बरकतीचा वाटतो. मी चहाचा कप तसाच ठेवून खिडकी लावून घेते.

यंदाही हंगाम लागला, आणि त्याच आठवड्यात फोनवर पहिलं निमंत्रण आलं. पिवळं-जांभळं, कोपऱ्यात उगवता सूर्य, मध्ये हसणाऱ्या चार पोरी. 'युवा सन्मान सोहळा.' आमच्या कामाचा हंगामही हाच. पावसाळ्यात शिरोळकडचे रस्ते पाण्याखाली जातात, उन्हाळ्यात पाहुण्यांना ऊन सोसत नाही. म्हणून मदत देणारे, मदत घेणारे आणि मदत कशी करावी हे शिकवणारे असे आम्ही सगळे थंडीत एकमेकांना गाठतो. फेटे बांधतो, कुंडीतल्या रोपाला पाणी घालतो, टाळ्या वाजवतो. ऊस तिकडे चरकात जातो, आम्ही इकडे मांडवात बसतो.

माझं ऑफिस संस्थांना मदत करणारं ऑफिस आहे. हे कुणाला पटकन कळत नाही, म्हणून सांगते. शाळा सुटली आणि काम लागलं नाही, अशा अठरा-वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींसाठी गावोगाव छोट्या संस्था केंद्रं चालवतात. त्या संस्थांना हे नीट जमावं म्हणून आम्ही त्यांना शिकवतो. पोरांशी बोलायचं कसं, आईबापांना भेटायचं कसं, जवळपास कुठं काम आहे ते हुडकायचं कसं. पुढेपुढे आम्ही त्यांना आणखी एक गोष्ट शिकवायला लागलो. आपल्या कामाची गोष्ट चारचौघांत सांगायची कशी. तेवढं मात्र त्यांनी फार मन लावून शिकून घेतलं.

काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात मला शिरोळ तालुक्यातलं एक केंद्र नेमून दिलं होतं. आठवड्यातून एकदा मी एसटीनं जायची. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यावर कर्णे, कर्ण्यांतून फाटक्या आवाजात गाणी. कुठंतरी फड पेटवलेला असायचा. त्याची काळी राख खिडकीतून आत येऊन मांडीवर बसायची. झटकायला गेलं की साडीवर रेघ उमटायची. केंद्र म्हणजे खताच्या दुकानावरची एक लांबट खोली. खालून युरियाचा आणि कीटकनाशकाचा वास जिन्यानं वर यायचा. भिंतीवर गरुडाचं चित्र, त्याखाली उंच उडण्याबद्दल काहीतरी लिहिलेलं. एका बाजूला शिवणयंत्रं. दुसऱ्या बाजूला पोरं उभी राहून एकेक करून आपलं नाव इंग्रजीत सांगत असायची. तो व्यक्तिमत्त्व विकासाचा तास. नाव सांगून झालं की खाली बसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून तेच नाव सांगायचं. बाहेर त्यांच्या वयाची बाकीची पोरं एसटीच्या शेडमध्ये बसलेली असायची, मोबाईलमध्ये मान घालून. मला प्रामाणिकपणे सांगायचं तर शेडमधल्या आणि वरच्या पोरांत मला एवढाच फरक दिसायचा की वर पंखा होता.

केंद्र चालवायचे सुभाष सर. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. माणूस मुळातला वाईट नव्हता, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. महापूर आला तेव्हा त्यांनी आपला ट्रॅक्टर पाण्यात घालून गावातली कितीतरी माणसं बाहेर काढली होती. ट्रॅक्टर बंद पडल्यावर कमरेएवढ्या पाण्यातून म्हातारी माणसं पाठीवर घेऊन आले होते. गाव ते विसरलेलं नव्हतं. त्या पुरानंतर शाळा सुटलेली पोरं बघून त्यांनी हे केंद्र काढलं. सुरुवातीला त्यात गरुड नव्हता, फलक नव्हते. एक सतरंजी होती म्हणे.

यास्मिन मुजावर मला तिथं भेटली. खिडकीजवळच्या यंत्रावर बसून ती एकाच फडक्यावर सरळ शिवण घालत होती, उसवत होती, पुन्हा घालत होती.

"किती दिवस झाले शिकतेस?" मी विचारलं.

"शिवणाचं व्हय? दुसऱ्यांदा करालोय." आमच्याकडच्या पोरींसारखीच ती स्वतःबद्दल बोलताना 'करतो, जातो' म्हणायची.

"दुसऱ्यांदा कशाला? पहिल्यांदा जमलं नाही?"

"जमलं की. मग दुसऱ्या एका संस्थेत पार्लरचं केलं. मग तिसरीकडं कॉम्प्युटरचं. मग सर म्हणले, शिवणाची बॅच भरंना, ये की परत." तिनं दातानं दोरा तोडला. "आलो."

तिची शाळा महापुराच्या वर्षी सुटली होती. नववीत होती. बाप गवंडी, दुसऱ्यांची घरं बांधणारा. त्याच्याच घराची भिंत पाण्यात बसली. गावातली बरीच कुटुंबं शाळेच्या इमारतीत राहायला गेली, तशी हीही गेली. म्हणजे ज्या शाळेत ती शिकत होती त्याच शाळेत तिचं अख्खं घर येऊन राहिलं. पाणी ओसरल्यावर धाकट्या भावाला नवी पुस्तकं मिळाली. तिची पुस्तकं चिखलात गोळा झाली होती ती झाली. कुणी तिला शाळेत जाऊ नको असं म्हटलं नाही. जा असंही कुणी म्हटलं नाही. घर सारवायचं होतं, आई तापानं पडली होती, आणि मग कधीतरी तिच्या लक्षात आलं की आपली शाळा सुटलेली आहे. तेव्हापासून पाच-सहा वर्षं ती या केंद्रातून त्या केंद्रात हिंडत होती.

त्या हंगामात कोल्हापुरात सगळ्या संस्थांचा एक मेळावा भरला. मोठा हॉल, ओळीनं टेबलं, प्रत्येक टेबलामागं उंच फलक. सरांनी आपल्या टेबलावर बसायला यास्मिनला आणलं होतं. मी पाहुण्यांना पाणी देण्यात गुंतले होते. एवढ्यात ती माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, इकडं या की. गंमत दावतो."

गंमत अशी होती की तीन वेगवेगळ्या संस्थांच्या फलकांवर यास्मिन होती. एका फलकावर हातात कात्री. दुसऱ्यावर कुणा बाईचे केस विंचरताना. तिसऱ्यावर कॉम्प्युटरसमोर, पडद्याकडे न बघता आमच्याकडे बघत. तिन्हींखाली लिहिलं होतं की हिच्या आयुष्याला दिशा मिळाली. एका ठिकाणी तिचं नाव जास्मिन होतं.

"ह्यात मी बारीक हाय," ती कॉम्प्युटरच्या फोटोकडं बोट करून म्हणाली. "तवा डेंगू झालतं मला." आणि हसली.

मला हसू आलं नाही.  तेवढ्यात चहाच्या टेबलापाशी सुभाष सर आणि पार्लरवाल्या संस्थेचे गृहस्थ यांची जुंपली. "ती मूळची आमची लाभार्थी," हे म्हणत होते. "तुमच्याकडं आली तवा तिला कंगवा धरता येत न्हवता, आम्ही घडवली," ते म्हणत होते. बाजारात म्हशीवरून लागावी तशी लागली होती. आणि ती म्हैस कागदी कप हातात धरून त्यांच्या मध्येच उभी होती. कुणीतरी वातावरण हलकं करायला म्हणालं, "तूच सांग ग पोरी, कुणाची तू?"

"मुजावरांची," यास्मिन म्हणाली.

लोक हसले. मग दोन्ही गृहस्थही हसले आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारून बिस्किटं खायला लागले.

त्या दिवसापासून मला 'लाभार्थी' हा शब्द ऐकवत नाही. आजही ऑफिसात कुणी उच्चारला की जिभेवर साबण लागल्यासारखं होतं. परवाचं ते निमंत्रण आलं तेव्हा मी फोटो मोठा करून त्या चार पोरींचे चेहरे निरखत बसले. यातली कुणाची कोण, आणि कितव्यांदा? हसताना चौघींचे डोळे एकाच दिशेला होते. तिकडं उभं राहून कुणीतरी "हसा" म्हटलं असणार.

मेळाव्याहून परत जाताना मी यास्मिनबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले. म्हटलं, "खरं सांग, तुला काय पाहिजे?"

"काम."

"कसलं काम?"

तिनं थोडा विचार केला. "जे संपल्यावर घरी जाता येतंय, तसलं. हे कोर्स काय संपतच न्हाईत."

मग मी काम हुडकायला लागले. खरं तर हेच आम्ही संस्थांना शिकवायचो, पण स्वतः दारोदार जाऊन बघितल्याशिवाय ते किती अवघड आहे हे कळत नाही. एका कापडदुकानात त्यांना मुलगी हवी होती, पण 'आमच्यातली' हवी होती, असं मालक अगदी हसतमुखानं म्हणाले आणि वर मला सरबत पाजलं. ते सरबत मी का प्यायले असेन असं अजून वाटतं. शेवटी हुपरीत मंगलअक्का भेटल्या. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. बाहेरून साधं घर दिसतं आणि आत पैंजण तयार होत असतात. अक्का आणि त्यांचे यजमान मिळून असाच एक कारखाना चालवायचे. खालच्या खोलीत पाचसहा माणसं मांडी घालून बसलेली, दिवे वाकवून हातावर आणलेले, आणि सगळीकडे आम्लाचा नाकात झोंबणारा वास.

मी यास्मिनला घेऊन गेले. अक्कांनी तिला नाव, गाव, शिक्षण काही विचारलं नाही. "हात दाव," म्हणाल्या. बोटं उलटसुलट करून बघितली. "शिवण येतंय म्हणजे सुई धरती. डोळं कसं हायत?" आणि तिच्या हातात चिमटा, एक अर्धवट साखळी आणि घुंगरांची वाटी दिली. आम्ही दोघी पायरीवर चहा घेत बसलो. यास्मिन आत बसून घुंगरू बसवत राहिली. ऊन कलल्यावर अक्कांनी साखळी हातात घेऊन दिव्याखाली धरली. निम्मे घुंगरू त्यांनी उपटून काढले.

"ही वाकडी लागलीत. पण पोरगी बडबड करत न्हाय, आणि मान वर करत न्हाय. शिकंल." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सोमवारपासनं लावून द्या. लग्नसराई तोंडावर आलीया. मला हात आत्ता पायजेत, पुढल्या म्हयन्यात न्हाय."

मी आनंदानं केंद्रावर गेले. सुभाष सरांना सांगितलं. ते आधी खरंच खूश झाले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"सोमवारी? मॅडम, त्याच आठवड्यात पुण्याचं पाहुणं यायलेत. पुढच्या वर्षाचं केंद्र त्यांच्या हातात हाय. यास्मिनला बोलायला उभं करायचंय. तिच्यासारखं कोण बोलतंय?"

"सर, तिला काम लागलंय. आपण केंद्र ह्यासाठीच चालवतो ना?"

"व्हय की. पण तिला काम लागलं हे सांगायला तरी ती पायजे का नको?"

 ते थट्टा करत नव्हते. म्हणाले, "पाहुणं येऊन जाऊ देत, मग मी सोता सोडून येतो तिला हुपरीला." मी म्हटलं, अक्का थांबणार नाहीत. ते म्हणाले, "दुसरी अक्का बघू." आणि लगेच पोरांना खुर्च्या पुसायला सांगायला गेले. त्यांची तालीम मी त्याआधी एकदा पाहिली होती. यास्मिन उभी राहून आपली हकिगत सांगायची आणि सर मध्येच थांबवायचे. "'गेलतो' नको, 'गेले होते' म्हण. भिंत पडली म्हणलीस की जरा थांब. आवंढा गीळ. मग पुढं बोल."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. नवीन बांधलेल्या भिंतीला अजून गिलावा नव्हता. तिची आई, जैबुनचाची, चुलीपुढं भाकरी थापत होती. "बैठो की मॅडम," म्हणाली, आणि मी सगळं सांगितल्यावर तिचा हात थांबला.

"सर को ना कैसा बोलना? पानी आया तब उनोच निकाले हमना. मेरे सास को पीठ पे लेके आये."

 ते खरं होतं. ज्या माणसानं तुमच्या घरातलं म्हातारं माणूस पाण्यातून काढलं त्याला नाही म्हणायचं, तर कुठल्या तोंडानं? मला तेव्हा पहिल्यांदा सरांची भीती वाटली. चांगुलपणानंच त्यांनी गावाला बांधून टाकलं होतं.

यास्मिन कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अम्मी, पानी में से निकाले, सो क्या जिंदगीभर बिठाने कू?"

चाचीनं भाकरी तव्यावर टाकली.  मग ती म्हणाली, "सबेरे की बस कब है?"

सोमवारी यास्मिन हुपरीला गेली.

पाहुणे आले त्या दिवशी मला हजर राहणं भाग होतं. खताच्या दुकानापुढं मांडव घातला होता. फेटे बांधणारा माणूस जयसिंगपूरहून आला होता. पाहुण्यांमध्ये एक मध्यमवयीन बाई होत्या, सुती साडीतल्या, बोलायला गोड. बरोबर तीन-चार तरुण माणसं, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. शाल झाली, नारळ झाला, रोपाला पाणी घालून झालं. सरांनी जाहीर केलं, "आता आपल्या केंद्राची विद्यार्थिनी बोलंल."

आणि तन्वी उठली. तन्वी म्हणजे सरांची भाची, कोल्हापुरात कॉलेजला जाणारी. मी तिला ओळखत होते. तिनं डोक्यावरून ओढणी घेतली होती. यास्मिन स्वतः अजानची वेळ सोडली तर कधी डोक्यावर ओढणी घ्यायची नाही. कुणीतरी विचार करून ती घ्यायला लावली होती.

"माझं नाव यास्मिन," तन्वी म्हणाली.

 मागच्या ओळीतल्या एका पोराला हसू फुटलं, सरांनी तिकडं बघितल्यावर ते विझलं. अख्ख्या मांडवाला माहीत होतं ही कोण आहे. कुणी काही बोललं नाही. तन्वीनं सगळं नीट सांगितलं. पाणी, भिंत, चिखलातली पुस्तकं. 'गेले होते' म्हणाली. भिंत पडली तिथं थांबली, आवंढा गिळला, आणि तिच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. पाहुण्या बाईंनी रुमाल काढला. म्हणाल्या, "बेटा, तुला पुढं काय व्हायचंय?"

हे पाठांतरात नव्हतं. तन्वी गोंधळली, मग म्हणाली, "फॅशन डिझायनर."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या चालू असतानाच मी उभी राहिले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "ही यास्मिन नाही," मी म्हटलं. "यास्मिनला काम लागलंय. हुपरीत आहे ती, चांदीच्या कामावर. तुम्हाला गाडी आहे. आत्ता निघालात तर जेवणाच्या आत भेटून परत याल."

सगळे फेटे माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता काहीतरी होईल. फुटेल, उलगडेल, निदान कुणाची तरी मान खाली जाईल.

सर हसत माईकपाशी आले. "मॅडम बरोबर बोलल्या. यास्मिनला आपल्या केंद्रातनं काम लागलं, त्यामुळं ती आज येऊ शकली न्हाय. म्हणून तिचं मनोगत आमच्या तन्वीनं सादर केलं. जोरात टाळ्या!"

"अरे वा, म्हणजे नाट्यरूपांतर!" पाहुण्या बाई म्हणाल्या. "किती छान कल्पना." आणि त्यांनीच पहिल्यांदा टाळी वाजवली. मग मला जवळ बोलावून, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हुपरीला पुढच्या वेळी नक्की जाऊ. आज जरा घाई आहे." मग सगळे जेवायला उठले.

त्यांना कसली घाई होती ते मला जेवणात दिसलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, पुन्हा तांबडा. बोटं चाटणं, फोटो काढणं, "कोल्हापूर म्हणजे कोल्हापूर" म्हणणं. खालच्या दुकानातला खताचा वास आणि रश्श्याची वाफ एकत्र होऊन नाकाशी येत होती. टाकलेली ताटं मांडवामागं पडत होती, कुत्री त्यांत तोंड घालत होती. मला घास गिळवेना. हात धुवायला गेले तर नळापाशी तन्वी उभी होती. ओढणी खांद्यावर, डोळ्यांतलं काजळ पसरलेलं.

"मॅडम, मी चुकले का?" तिनं विचारलं. "मामा म्हणाले, नुसतं वाचायचं आहे."

एकोणीस वर्षांची पोर. तिच्यावर काय रागवायचं? "घरी जा, तोंड धू," मी म्हटलं. पण तिच्या अंगावरून येणाऱ्या अत्तराच्या वासानंही मला मळमळलं, आणि त्याबद्दल मला तिच्यापेक्षा माझाच राग आला.

ऑफिसात साहेब म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतं." ते वाक्य मी आमच्या क्षेत्रात इतक्यांदा ऐकलंय की आता त्याच्या आधीचं 'पण' ऐकू आलं की मी पुढचं ऐकणं सोडून देते. सगळ्यांसमोर खोटं बोलायला चालतं. त्याचं उत्तर मात्र नंतर, खोलीत, दार लावून द्यायचं. केंद्राला पुढच्या वर्षाची मदत मिळाली. आमच्या ऑफिसानं त्याचं श्रेय घेतलं. मला त्या वर्षीच्या अहवालाचा कागद हातात धरवेना.

यास्मिनचं सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच आठवड्यात बोटं भाजली. अक्का तोंडाच्या फटकळ, रोज खडसवायच्या. कारखान्यातला केरसुद्धा बाहेर टाकत नाहीत, त्यात चांदीचा कण असतो. हिनं एकदा सवयीनं केर भरून उंबऱ्याबाहेर नेला आणि अक्कांनी असा आरडाओरडा केला की ही रडत घरी आली, परत जाणार नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळच्या बसला उभी होती. आज ती अजून हुपरीतच आहे. पावसाळ्यात काम मंदावतं तेव्हा वैतागते, अक्कांशी भांडते, दुसऱ्या कारखान्यात जाईन म्हणते. कामाला असलेली सगळी माणसं जशी बोलतात तशीच बोलते. ते ऐकायला मला फार बरं वाटतं.

त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या आधी मी तिला भेटायला गेले होते तेव्हा तन्वीचं सांगितलं. वाटलं चिडेल. ती घुंगरू निवडता निवडता म्हणाली, "रडली का ती?"

"रडली."

"कुठं? भिंत पडली तितं?"

"हो."

"मला तितं कवाच रडू आलं न्हाय. सर किती येळा म्हणायचं, पण येतच न्हवतं." मग म्हणाली, "आमी शाळेत ऱ्हायलतो न्हवं, तवा माझ्याच वर्गात हुतो. माझ्या बाकावर कुणीतरी वलं धुणं वाळत घातलतं. पाणी माझ्या नावावर गळायचं. मी करकटकानं कोरलतं नाव. ते बघून लई रडलो. पण ते कुणी इच्यारलंच न्हाय."

मीही विचारलं नव्हतं. आम्ही एवढी माणसं तिच्याभोवती हिंडलो, आमच्याकडं तिच्यासाठी प्रश्न फार होते. सगळ्या प्रश्नांची उत्तरं आम्हाला आधीच पाहिजे तशी ठाऊक होती.

पुढं चैत्र लागला, ऊन चटकायला लागलं. एका सकाळी सुभाष सरांचा फोन आला. आवाज खाली आलेला. "मॅडम, झालं ते झालं. मनाला लागलंय माझ्या. पोरीला जाऊन भेटू, पाठीवर हात ठेवून येऊ. तुम्ही बरोबर या." मला आनंद झाला. हा माणूस कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेलेला होता, तो अजून आत कुठंतरी असणारच असं मला वाटत होतं. त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर पेढ्यांचा बॉक्स होता. तो मांडीवर घेऊन मी बसले. मागं एक माणूस बसला होता, त्याच्या गळ्यात कॅमेरा. "माझा पाहुणा हाय, हुपरीलाच यायचंय त्याला," सर म्हणाले.

मंगलअक्का दारातच आडव्या आल्या. "आत कोण यायचं न्हाय. चांदी उघडी हाय."

"आम्ही यास्मिनचं सर," सर म्हणाले.

"असशीला. आत कोण न्हाय."

यास्मिन बाहेर आली. केसांवर फडकं बांधलेलं, बोटांची टोकं काळी. सरांना बघून तिनं वाकून नमस्कार केला. "सर, बसा की पायरीवर. चा सांगतो."

"चा ऱ्हाऊ दे. आतनं एक पैंजण आण आणि हातात धरून हितं उजेडाला उभी ऱ्हा. एकच फोटो."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आजीला पाठीवरून आणणारा माणूस ती बघत होती, आणि तो तिला सापडत नव्हता. मग ती हळू म्हणाली, "सर, आत्ता कामावर हाय मी. सुट्टीच्या दिवशी घरी या. पेढं अम्मीकडं द्या." आणि तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही. नुसतं लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

सर थोडा वेळ दारासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता ते माझ्याकडं वळतील आणि काहीतरी बोलतील.

ते कॅमेरेवाल्याकडं वळले. "दाराचा घे," म्हणाले. शर्ट सारखा केला, माझ्या हातातला पेढ्यांचा बॉक्स घेऊन पुढं धरला आणि त्या बंद दारापुढं उभं राहून हसले. "केंद्रातनं थेट कारखान्यात, असं टाकू खाली." कॅमेऱ्याचा आवाज झाला. मग त्यांनी मला हात केला. "मॅडम, तुम्ही पण या की फोटोत. तुमच्यामुळंच तर झालं सगळं."

मी रस्ता ओलांडला. पलीकडं उघडं गटार होतं. मी आयुष्यात कधी रस्त्यावर थुंकले नव्हते. त्या दिवशी थुंकले, आणि स्टँडकडं चालायला लागले.